चेन उतरली नव्हती

बाबा, त्या दिवशी कोठीच्या भिंतीमागून जो साहेब तुमच्यावर ओरडला, तो मी होतो. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी इकडच्या-तिकडच्या फालतू गोष्टी सांगत बसेन आणि मेन गोष्ट राहून जाईल, माझी आदत तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, आता सांगून टाकायला काय हरकत आहे. कानाखाली वाजवायला तर तुम्ही येणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सांभाळून घ्या. तुम्ही असता तर हे पान लाल पेनानं रंगवून वापस दिलं असतं आणि वर लिहिलं असतं, "पुन्हा लिहा." तोंडानं मला गाढवा म्हणायचात, पण कागदावर नेहमी "लिहा". कागदावर तुमच्याकडे सगळ्यांना मान होता.

कोठी तुम्हाला काय सांगायची, पण मी पहिल्यापासून सांगतो, कारण मलाच ते एकदा नीट लावून पाहायचं आहे. तुमच्या ऑफिसातून घरी यायच्या रस्त्यावर, छावणीच्या अलीकडे, ती पिवळी जुनी इमारत. इंग्रजांच्या वेळेला तिथे कोणी साहेब बसायचा, म्हणून कोठी. मी पाहिली तेव्हा ते सरकारी गोडाऊन होऊन गेलं होतं. तुटक्या खुर्च्या, रद्दीचे गठ्ठे, आणि गेटवर एक चौकीदार, तो पण बहुतेक समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला. आणि तुम्ही त्या रिकाम्या गेटच्या वीस पावलं आधी सायकलवरून उतरायचात. हँडल धरून, मान थोडी खाली, गेटसमोरून पायी जायचात, आणि पुढे वीस पावलं झाली की परत टांग टाकून बसायचात. पाऊस असेल तर छत्री पण मिटायची. भिजायचं, मग परत उघडायची. मी मागे कॅरियरवर असायचो, मला पण उतरवायचात. मी चार-पाच वर्षांचा असेन. मला वाटायचं आत देव आहे. दुसऱ्या कशासाठी माणूस सायकलवरून उतरून मान खाली घालतो? म्हणून मी हात जोडायचो. एकदा तर गेटच्या खांबाला हात लावून तो छातीला लावला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरे, देव नाहीये तो." मी विचारलं, "मग उतरलो कशाला?" तुम्ही म्हणालात, "उतरायचं असतं." बस, एवढंच. मग मी माझ्या मनानं समजून घेतलं की हा देव थोडा रागीट असणार, त्याचं नाव घ्यायचं नसणार. पाचवीच्या परीक्षेच्या आधी मी त्या गेटशी एक पेढा ठेवून आलो होतो. कुत्र्यानं खाल्ला. मी दोन मार्कांनी पास झालो. त्या देवाचा माझा अनुभव एवढाच.

खरी गोष्ट तुम्ही मला पुष्कळ नंतर सांगितली, एका रविवारी, सायकलला तेल देताना. पणजोबा त्याच कोठीत दफ्तरी होते, साहेबाचे कागद सांभाळायचे. कोठीसमोरून आपल्या माणसानं वाहनावर बसून जायचं नाही आणि उघडी छत्री घेऊन जायचं नाही, असा साहेबाचा नियम. एका पावसात पणजोबांच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात हँडल, पुढे उतार, आणि ब्रेक लागला नाही. सायकल तशीच गेटसमोरून सुसाट निघून गेली. साहेबानं छत्री जप्त केली आणि सांगितलं, लेखी अर्ज द्या, इंग्रजीत. पणजोबांनी अर्ज लिहिला. साहेबानं लाल शाईनं चुका काढल्या आणि वापस केला. दुसऱ्या दिवशी परत अर्ज, परत लाल शाई. असं महिनाभर चाललं. पहिल्याच अर्जात पणजोबांनी लिहिलं होतं की मला सायकलवरून "गेट डाउन" करता आलं नाही. साहेबानं "डाउन" खोडून वर "ऑफ" लिहिलं. झाडावरून, शिडीवरून गेट डाउन. सायकलवरून, बसमधून गेट ऑफ. हे तुम्ही मला असं सांगितलंत जसं कोणी घरातल्या सोन्याची पेटी उघडून दाखवतो. "साहेब कडक होता," तुम्ही म्हणालात, "पण इंग्रजी पक्कं करून गेला. आपल्या घरात इंग्रजी तिथून आलं." मी विचारलं, "आणि छत्री?" "छत्री दिली ना वापस." "कधी?" तुम्ही तेलाची कुपी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पावसाळा संपल्यावर."

मला तेव्हा खूप हसू आलं होतं. आता पण येतं, पण तुम्ही ज्या तोंडानं सांगितलं ते आठवलं की थोडं कमी येतं. तुम्हाला त्या गोष्टीत राग दिसतच नव्हता. पणजोबांनी ते इंग्रजी आजोबांना दिलं, आजोबांनी तुम्हाला, आणि तिघंही बाबू झाले. गल्लीतला कोणी नळासाठी नाहीतर रेशनकार्डासाठी अर्ज लिहून घ्यायला आला की तुम्ही चष्मा लावून सुरू, "आय मोस्ट हंबली बेग टू स्टेट." मी विचारलं होतं, "बाबा, ते तर नळ मागून राहिलेत, भीक कशाला मागता त्यांच्या नावानं?" तुम्ही म्हणालात, "तशी पद्धत आहे." शाळेच्या पुस्तकात इंग्रज एका धड्यात यायचा आणि चार धड्यांनी निघून जायचा, मधलं पाठ करायचं. आपल्याकडे तो असा आपला पद्धतीत बसून राहिला होता, आणि त्याला कोणी उठ म्हणत नव्हतं.

म्हणून मी म्हणालो. अकरावीत दुसऱ्यांदा बसलो होतो ते वर्ष. सकाळची वेळ, तुम्ही पाटावर बसून पोहे खात आहात, आई ओट्याशी शेव काढून देते आहे, आणि मी दाराला टेकून म्हणतो, "बाबा, एक सांगा. साहेब गेला ना? की नुसता रजेवर गेलाय?"

आईला हसताना ठसका लागला. "अहो, खरंच," ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या सायकलवर बसले होते, तेव्हा तिथे मला पण उतरवलंत. मला वाटलं पंक्चर झाली. मी खाली वाकून चाक पाहत होते!"

"खा गपचूप," तुम्ही मला म्हणालात. मी तर खात पण नव्हतो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तुम्ही संध्याकाळी जिलबी घेऊन आलात. सणवार काही नव्हता. आईनं विचारलं, आज काय विशेष, तर म्हणालात काही नाही. हातपाय धुतलेत, बनियनवर खुर्चीत बसलात, शुगर असून दोन जिलब्या खाल्ल्यात, आणि मग कोणाकडे न पाहता म्हणालात, "आज बसूनच आलो."

"कुठून?" आईनं विचारलं.

"कोठीसमोरून."

मी आतून ऐकत होतो. खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. माझ्या एखाद्या बोलण्यामुळे या घरात कोणी काही केलं, हे पहिल्यांदाच झालं होतं. नाहीतर माझं बोलणं म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारी. दुसऱ्या दिवशी पण तुम्ही बसून आलात, तिसऱ्या दिवशी पण. आई म्हणाली, आता घंटी पण वाजवतात म्हणे गेटसमोर.

तेवढ्यावर मी थांबलो असतो तर हे लिहायची वेळच आली नसती. पण माझा सहामाहीचा इंग्रजीचा पेपर आला आणि तुम्ही तो नेमका माझे दोन दोस्त ओसरीत बसलेले असताना पाहिलात. एक तो, ज्याच्या काकाचं सियागंजच्या ठोक बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं, आणि दुसरा तो हसला की उचकी लागणारा. बसमधून उतरण्याचं वाक्य होतं, मी "गेट डाउन" लिहिलं होतं. तुम्ही पेपर त्यांच्यासमोर धरून म्हणालात, "ही चूक पणजोबांनी केली, साहेबानं सुधारली. आजोबांनी केली नाही, मी केली नाही. आता चौथ्या पिढीत वापस आली. साहेबाची सगळी मेहनत पाण्यात गेली बघा." ते दोघं हसले. दुसऱ्याला उचकी लागली. तुम्ही पण हसलात, तुमच्या हिशेबानं तो मजाक होता. पण मला असं झालं की घरात मी एक माणूस आणि तो साहेब एक माणूस, आणि तुम्ही त्याच्या बाजूनं बसलात.

तुम्ही आत गेल्यावर सियागंजवाला म्हणाला, "भिया, तेरे पापा तो अंग्रेजों के भी अंग्रेज निकले." मी म्हणालो, "हओ. कल दिखाता हूँ तेरे को अंग्रेज."

नरसाळं त्याच्या काकाच्या दुकानातलं, मोठं, पत्र्याचं. त्याला पाण्याचा पाइप जोडला. कोठीच्या कुंपणाची भिंत एका जागी ढासळलेली होती, तिथून आत शिरलो. चौकीदार टपरीवर होताच. पाइपमधून बोललं की आवाज असा यायचा जसा कोणी विहिरीच्या आतून बोलतोय. आम्ही भिंतीमागे बसलो आहोत, विटांच्या फटीतून मला रस्ता दिसतो आहे, संध्याकाळचं ऊन आहे. पावणेसहाच्या सुमारास तुम्ही येता. पांढरा शर्ट, पँटच्या पायांना क्लिपा, हँडलला मिटलेली छत्री अडकवलेली. बसून येता. ताठ. गेट यायच्या थोडं आधी घंटी वाजवता, दोनदा. समोर कोणी नाही, गाय पण नाही, तरी वाजवता. आणि मी पाइपला तोंड लावून ओरडतो, "यू मॅन! गेट डाउन! गेट डाउन फ्रॉम द बायसिकल!"

तुम्ही उतरलात. असं नाही की दचकून थांबलात, इकडेतिकडे पाहिलंत, मग उतरलात. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी तुमचे दोन्ही पाय जमिनीवर होते. छत्री मिटलेलीच होती, तरी ती हँडलवरून काढून तुम्ही बगलेत घट्ट धरलीत. मान खाली. मी असा माणूस याआधी कधी पाहिला नव्हता. तुम्हाला मी रागावताना पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं. हे वेगळं होतं. तुमच्या जागी दुसरंच कोणी तिथे उभं होतं आणि त्यानं तुमचा शर्ट घातला होता. माझ्या बाजूला सियागंजवाला तोंडात रुमाल कोंबून लोळत होता, दुसऱ्याची उचकी सुरू झाली होती.

मग तुम्ही मान वर केलीत आणि भिंतीकडे पाहिलंत. बराच वेळ. मला वाटलं आता येतात, आता सुटका नाही. पण तुम्ही सायकल स्टँडवर लावलीत, उकिडवे बसलात आणि चेनला हात घातलात. चेन जागेवर होती. फटीतून मला साफ दिसत होतं, तंग, नीट, दातांवर बसलेली. तुम्ही ती उगाच बोटांनी धरलीत, पायडल उलटं फिरवलंत, परत धरलीत, दोन्ही हात काळे होईपर्यंत. टपरीवरच्या चौकीदारानं हाक मारली, "क्या हुआ बाबूजी?" तुम्ही म्हणालात, "चेन उतर गई." आणि सायकल हातात धरून पायी निघालात. पुढे वीस पावलांवर बसला नाहीत. रस्त्याच्या मोडापर्यंत पायीच गेलात.

मी दुसऱ्या रस्त्यानं पळत घरी आलो आणि वही उघडून बसलो. तुम्ही आलात तेव्हा हात पुढे धरलेले, दार पायानं लोटलंत. आई म्हणाली, "अगंबाई, हे काय?" तुम्ही म्हणालात, "चेन उतरली." आईनं मला हाक मारली की पाणी घाल. मोरीत तुम्ही वाकला आहात, मी लोट्यानं पाणी घालतो आहे, आई साबण देते आहे आणि ते ग्रीस निघत नाही. नखांत गेलं होतं. तुम्ही म्हणालात, "हळू घाल, शर्टावर उडतंय." रविवारी तुम्ही सायकल उलटी केलीत आणि ती चांगली चेन सोडून परत बसवलीत, एक कडी कमी करून. मी पाना धरून समोर बसलो होतो. त्यानंतर ती सायकल जड चालायची.

आणि कोठीचा रस्ता तुम्ही सोडून दिलात. सियागंजवरून यायला लागलात, पुष्कळ लांब, हातठेले, लोडिंगच्या गाड्या, गूळ-मिरचीची धूळ, रोज अर्धा तास जास्त. आई विचारायची, तर म्हणायचात तिकडे किराणा स्वस्त मिळतो. दीड वर्ष तसेच आलात. मग ते हार्टचं झालं आणि सगळे रस्ते संपले. मी कधी सांगितलं नाही. सांगेन सांगेन म्हणता म्हणता मला वाटायला लागलं की तुम्हाला माहीतच नसेल, तुम्ही खरंच साहेबाचा काही भासबिस झाला असं समजत असाल. या विचारानं मला जास्त त्रास व्हायचा. मतलब, मी होतो हे माहीत असतं तर तुम्ही मला बडवलं असतं आणि मामला खतम. पण जर तो तुमच्यासाठी खरा साहेब असेल, तर मी त्याला वापस आणला आणि परत पाठवायचं राहून गेलं.

आता सध्याची गोष्ट. मी एका कंपनीत फोनवर बसतो, दुपारची शिफ्ट असते. हसू नका. इंग्लंडमधल्या लोकांची मशीनं बिघडली की ते आम्हाला फोन करतात. काय बोलायचं ते स्क्रीनवर लिहिलेलं असतं, नुसतं वाचायचं. मी गोऱ्यांची नक्कल चांगली करतो म्हणून लागलो, नरसाळ्याचा अनुभव कामी आला. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या गोऱ्याचा फोन. कपडे धुवायच्या मशीनमध्ये पाणी अडकलं होतं. मी वाचून राहिलो होतो, तर तो मध्येच कडाडला, "यू देअर! आर यू लिसनिंग टू मी?" मी म्हणालो, "येस सर." आणि बाजूचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. फोन संपल्यावर म्हणतो, "भिया, खड़ा कायको हो गया था? वो कोई देख थोड़ी रिया है." तेव्हा मला कळलं की मी उभा आहे. खुर्ची मागे सरकलेली, हेडफोनची वायर ताणलेली, हात दोन्ही बाजूला सरळ. मी म्हणालो, "कमर अकड़ गई थी यार." आणि कंबर धरून थोडं मागे-पुढे पण करून दाखवलं, त्याला खरं वाटावं म्हणून.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आधी फोनचं, मग भिंतीमागचं. वाटलं रडेल, नाहीतर बोलेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू होतास ते. त्याच रात्री सांगितलं मला. म्हणाले, साहेब कधी 'डाउन' म्हणेल का? 'ऑफ' म्हणेल. हे आपलंच रत्न आहे."

बाबा, मी हसलो. तुमच्या त्या एका शब्दासाठी मी एवढी बोलणी खाल्ली, आणि शेवटी पकडला गेलो तो पण त्याच शब्दावर. मग मी आईला विचारलं, माहीत होतं तर उतरले कशाला? मेथीची जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मी पण तेच विचारलं. म्हणाले, पाय आधी उतरले, कान मागून पोचले."

आणि मला बोलले का नाहीत? हे मी तिला विचारलं नाही, कारण मला येतं त्याचं उत्तर. बोलायचं तर आधी हे कबूल करावं लागलं असतं की चेन उतरली नव्हती.

मी त्या रस्त्यानं आता गाडीवरून जातो. कोठीचं गेट काढून नेलं कोणी, खांब आहेत. मी उतरत नाही, हॉर्न वाजवतो. समोर कोणी नसलं तरी दोनदा वाजवतो. एवढं तुमचं पुढे चालू ठेवलं आहे, बाकी इंग्रजी जसं होतं तसंच आहे.

हे पान कुठे पोस्टात टाकायचं नाही. आई म्हणेल, शिळ्या कढीला ऊत. घडी करून खिशात ठेवतो, धुण्यात गेलं तर गेलं. फक्त एक राहिलं. त्या संध्याकाळी मोरीत पाणी घालताना मी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, चेन ढिली झाली का?" आणि तुम्ही म्हणालात, "हो रे, जुनी आहे." आईला सगळं माहीत असून इतकी वर्षं वाटतं की मी पस्तावून, काळजीनं विचारलं, पोरगं समजूतदार होतं म्हणते. मी पण तिला तसंच वाटू दिलं. पण मी काळजीनं नव्हतं विचारलं. मला तुमच्या तोंडून ते खोटं एकदा समोर ऐकायचं होतं, उद्या दोस्तांना सांगायला. आणि सांगितलं पण.